तिटकाऱ्याला कारण लागतं

जुळे सोलापूर,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

ती. रत्नम्माअक्कास,
धाकट्या भावाचा, चनमल्लप्पाचा, शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली शेंगाचटणी पोचली. डब्याचं झाकण नीट बसवलं नव्हतंस, त्यामुळे निम्मी डब्यात आणि निम्मी पिशवीत निघाली, दोन्हीकडची खाल्ली. माझी तब्येत बरी आहे. एवढं फोनवर सांगता आलं असतं, पण पंधरा वर्षं मागाच्या खडखडाटात काढली आणि कान गेले ते गेले. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. शिवाय तुझ्या घरी फोन वाजला की चौघं जवळ येऊन उभी राहतात. आजचा विषय एकट्या तुझ्यासाठी आहे.

तुझ्या अमरेशचं आणि माझ्या दानेश्वरीचं डिसेंबरात उरकायचं असं आपलं ठरलं, म्हणून मी माझ्या छपाईच्या दुकानात बसून लग्नपत्रिकेचा नमुना जुळवला. एकवीस वर्षं लोकांच्या लग्नपत्रिका जुळवतो आहे. नववी नापास माणसाकडे कॉलेजातले प्राध्यापक मजकूर तपासून घ्यायला येतात, हे तुला माहीत आहेच. पोटच्या पोरीची पत्रिका म्हणून अक्षराचं वळण तीनदा बदललं. कडेच्या वेलबुट्टीत एक पाकळी तिरकी होती, ती सरळ केली. दसऱ्याच्या संध्याकाळी पोरगी लॅबमधून आली, रोजच्यासारखे कोपरापर्यंत हात धुतले, आणि मी नमुना तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला. कागद पालथा घातला. आणि म्हणाली की मला तिटकारा येतो, अप्पा.

शब्द तिचा आहे, मी काना-मात्रासुद्धा बदललेली नाही. कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती; अमरेशचं नाव समोर छापलेलंच होतं.

मी तिला घाई करू दिली नाही. म्हटलं, शब्द जपून वापर, दुसरा एखादा बसतो का बघ. संकोच म्हणून पाहिलं, कंटाळा म्हणून पाहिलं, राग म्हणून पाहिलं. शेवटी किळससुद्धा म्हटलं. तिनं मान हलवली. मग मी तिला समजावून सांगितलं ते तुलाही सांगतो. नावड भाजीची असते. कंटाळा कामाचा. राग येतो तसा जातो. वीट यायला ती गोष्ट आधी आवडलेली असावी लागते. द्वेष करणाऱ्याला समोरच्याचं वाईट झालेलं बघायचं असतं. किळस डोळ्यांना आणि नाकाला येते. तिटकारा या सगळ्यांपेक्षा वेगळा: तो आतून उठतो, आणि समोरच्यानं काहीतरी केल्याशिवाय तो उठत नाही. तिटकाऱ्याला कारण लागतं. हे माझं मत नाही, हा शब्दाचा वापर आहे.

मी तिला आपल्या रीतीचंही सांगितलं. आत्याच्या मुलाला मुलगी देणं आपल्यात काही नवं नाही. म्हटलं, तुझ्या आत्यालाच, म्हणजे अक्का तुला, सख्ख्या मामाला दिली, बसप्पामामांना. सदतीस वर्षं संसार झाला, कुणाला कुणाचा तिटकारा आला नाही. यावर ती उठून आत गेली.

तेव्हा अक्का, अमरेशनं काही तरी केलं असलं पाहिजे. मी आरोप करत नाही. शब्दावरून जे निघतं तेवढंच लिहितो. तू त्याच्याकडून गोडीनं काढून घे आणि मला टपालानं कळव. मामांना हे पत्र दाखवू नकोस. पाकिटावर मी लाल शाईनं खासगी असं लिहितो आहे.

लोभ आहेच. या पत्रानं तो पातळ होऊ नये, एवढीच काळजी आहे.

तुझा,
चनमल्लप्पा


बार्शी,
२१ ऑक्टोबर

चि. चन्नूस, अक्काचे आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत, हे ध्यानात ठेव.

आमचं सगळं टपाल आडतीच्या गादीवर येतं, हे तुला ठाऊक नाही का? लाल शाईनं खासगी लिहिलंस म्हणूनच ह्यांनी तुझं पाकीट सगळ्यांत आधी फोडलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. हमाल ज्वारीची पोती उतरवत होते, मापाडी काट्याजवळ उभा होता, दोन शेतकरी चहा पीत बसले होते. तेवढ्यात अमरेश आला आणि ह्यांनी बसल्या जागेवरून विचारलं की मामाच्या पोरीला काय केलंस. सगळ्यांच्या देखत.

पोरगं एक शब्द बोललं नाही. गाडीची किल्ली उचलली आणि गेलं. तिसऱ्या दिवशी फोन आला की सांगोल्यात आहे, मित्राच्या डाळिंबाच्या शेडवर. कधी येणार विचारलं तर फोन ठेवला. आता निम्मी बार्शी हळू बोलती आणि उरलेली निम्मी मला बघितलं की गप होती.

तुझी सिद्धेश्वरी गेली तेव्हा दानू नऊ वर्षांची होती. तू तिला माझ्या ओटीत टाकून गेलास. बारावीपर्यंत ती माझ्या ताटात जेवली, तिच्या केसातल्या उवा मी काढल्या. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरानं काय केलं असंल असं तुला वाटतं? म्हणजे मी आंधळी तरी, नाहीतर हलकट तरी. दोन्हीतलं कुठलं ते तुझ्या त्या शब्दांच्या वहीत बघून सांग.

लहानपणी तुला भेंडी बघितली की ओकारी यायची. भेंडीनं तुझं काय वाकडं केलं होतं रे? तिटकाऱ्याला कारण लागतं म्हणतोस ना, मग कारण घेऊन ये. पोरीला माझ्यासमोर उभी कर. तिनं माझ्या तोंडावर सांगितलं तर माझ्या पोराला मी स्वतः घराबाहेर काढीन. आणि कारण नसंल तर काय करशील, ते तू ठरव.

इकडे सगळे जिवंत आहेत. तुमची खुशाली कळवली नाहीस तरी चालंल.

रत्नम्मा


जुळे सोलापूर,
२६ ऑक्टोबर

ती. अक्कास,
चनमल्लप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भेंडीबद्दल जे लिहिलंस त्याचं उत्तर मला देता आलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

मी दानेश्वरीला तोंडी विचारलं असतं तर ती रडली असती आणि मी ओरडलो असतो. म्हणून कोऱ्या कागदावर सात प्रश्न लिहून दिले. अमरेशनं अमुक केलं का, तमुक बोलला का, कधी एकटं गाठलं का, असे सगळे. बाप असून असले प्रश्न मी लिहिले. सकाळी कागद टेबलावर होता. सातही प्रश्नांपुढे नाही. खाली तिनं लिहिलं होतं की आठवा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. तो कोणता, हे सांगायला ती तयार नाही.

आता तूच सांग, त्यानं काही केलं नाही तर हा शब्द चुकीचा आहे, आणि शब्द बरोबर आहे तर त्यानं काहीतरी केलं आहे. मधली वाट मला दिसत नाही. मी तिला म्हटलं की शब्द मागे घे, योग्य तो वापर आणि आत्याला लिही. ती म्हणाली की आत्याला लिहीन, शब्द मागे घेणार नाही.

माझं चित्त जागेवर नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारायचो, आता तीन मारतो आणि पहिली कुठं संपली ते आठवत नाही. दुकानात काल एक पत्रिका छापून गेली, तीत वराच्या नावाच्या जागी वराच्या काकांचं नाव पडलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. माणूस चांगला होता, हसला. मला हसू आलं नाही.

मामांनी असं गादीवर विचारायला नको होतं. पण पत्र माझं होतं, हेही खरं. भाऊबीजेला तीन तारखेला सकाळच्या गाडीनं येऊ का? ये म्हणालीस तर येतो.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं आजवर धरून चाललो. आता विचारून घेतो.

चनमल्लप्पा


बार्शी,
३० ऑक्टोबर

चि. चन्नू, आशीर्वाद.

भाऊबीजेला येऊ नकोस. मी नको म्हणत नाही, हे म्हणतात.

आणखी एक. मला वाटलं होतं, हे आता लग्न मोडतील. उलटंच झालंय. म्हणतात की आता लग्न झालंच पाहिजे, नाहीतर बाजार म्हणेल की पोरानं खरंच काहीतरी केलं होतं म्हणून मामानं पोरगी दिली नाही. बारा डिसेंबरचा मुहूर्त स्वामींकडून काढून आणलाय. पत्रिका तुझ्याकडनं नको, इथंच छापून घेतो म्हणालेत.

तुझ्या पत्रानं पोरीची गाठ आणखी आवळली, हे कळलं का?

अक्का


जुळे सोलापूर,
८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
दानू पाया पडते.

अप्पांनी तुला माझा शब्द कळवला आणि मला न विचारता त्या शब्दापुढे एकच नाव लावून दिलं. त्या पत्रिकेवर दोन नावं होती, आत्या. एक माझंही होतं.

अमरदादानं काही केलेलं नाही. आत्तापर्यंत नाही, कधीच नाही. दादा लिहिलं आहे ते खोडत नाही. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस आणि सांगितलंस की आता दादा म्हणायचं नाही, नावानंही हाक मारायची नाही. मला हसू आलं होतं. तू हसली नाहीस. त्या दिवसापासून मी त्याला हाकच मारलेली नाही. सहा वर्षं झाली. त्याला काही सांगायचं असलं की मी भिंतीकडे बघून सांगते आणि तो ऐकतो.

एक गोष्ट तुला कुणीच सांगितलेली नाही. मी आठवीत होते, तू आणि मामाआजोबा अक्कलकोटला गेला होतात. मला पहिल्यांदा पाळी आली. मी न्हाणीत कडी लावून रडत बसले, मला वाटलं आईसारखी मीही जाते आता. त्यानं दाराबाहेरून चार वेळा विचारलं, मग त्याची पावलं लांब गेली. थोड्या वेळानं दारापाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा तो अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभा होता, कुणी आत येऊ नये म्हणून. दुपारी त्यानंच भात केला. मीठ विसरला होता. त्या दिवसाबद्दल तो आजपर्यंत एक अक्षर बोललेला नाही.

पत्रिकेवर नावं शेजारी शेजारी वाचली आणि मला ते दार आठवलं. त्या दारातून आता तो नवरा म्हणून आत येणार. मनात जे आलं त्याला दुसरं नाव मला सापडलं नाही. मी रोज लोकांचं रक्त आणि थुंकी हाताळते, मला किळस येत नाही, म्हणून अप्पांनी सुचवलेला तो शब्द मी घेतला नाही. आलं ते त्याच्याबद्दल नव्हतं. त्याला ज्या जागी बसवताय त्या जागेबद्दल होतं. आणि थोडं माझ्याबद्दलही, की सहा वर्षं मी भिंतीशी बोलत राहिले.

अप्पांनी सात प्रश्न लिहिले. सगळे त्यानं काय केलं याचे. तुला काय हवं आहे, हा आठवा त्यात नव्हता.

तुला मी घरात हवी आहे, म्हणून हे लग्न हवं आहे, हे मला कळतं. पण माझं माहेर बार्शीच आहे. तिथंच सासर केलंत तर उद्या रुसून मी जाऊ कुठं?

रागावली असशील तरी डोक्याला तेल लावत जा. माझ्या वाटणीचा राग लवकर संपव.

तुझीच,
दानेश्वरी


बार्शी,
१४ नोव्हेंबर

चि. चन्नूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकतेय. वाचलंस की फाड. जपून ठेवायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते, फाड.

दानूचं पत्र वाचलं. तिनं पाकिटावर घरचा पत्ता घातला होता, म्हणून पोस्टमन घरी आला; हे तेव्हा बाजारात होते, नशीब. तिनं दाराचं लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. माझ्याच घरातली गोष्ट, अकरा वर्षं मला ठाऊक नाही. अमरेशला फोनवर वाचून दाखवलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला की बरं, आणि ठेवला.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस की सदतीस वर्षं झाली, कुणाला कुणाचा तिटकारा आला नाही. तुला कुणी सांगितलं? ज्यांच्या खांद्यावर बसून मी गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळणा बघितला, त्यांच्या शेजारी मला सतराव्या वर्षी बसवलं. तिचाच भाऊ ना, म्हणून आदल्या दिवशी मी अव्वाकडे गेले होते. मला नको वाटतंय, एवढंच म्हणाले. अव्वा तांदूळ निवडत होती. म्हणाली की अनोळखी घरात पडण्यापेक्षा बरं, आणि सूप माझ्या हातात दिलं.

हे वाईट नव्हते. आजही नाहीत. कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. तू कारण विचारलं असतंस तर मला एकही सांगता आलं नसतं. पण ते जवळ आले की माझं अंग लाकडासारखं व्हायचं आणि ते त्यांना कळायचं. किती वर्षं, ते मोजलं नाही. कधी गेलं, तेही सांगता येत नाही. एक दिवस बघितलं तर नव्हतं, सवय होती. माझ्याकडे त्याला शब्दच नव्हता रे. तुझ्या पोरीनं तो तोंडातून काढला आणि मी तिच्यावरच उलटले.

ह्यांच्यापुढे तोंड उघडायचं धाडस माझ्यात नाही. पत्रिका छापायला टाकायच्या गोष्टी चालल्यात. माझ्या पोराच्या नावाचा चिखल तू केलास, तो तूच धू. आणि पोरीला सोडव. दोन्ही एकदम कसं करायचं ते तुला सुचत असंल तर आजवर केलेल्या वाचनाचा उपयोग झाला म्हणीन.

माझ्याबद्दल ह्यांना कळता कामा नये. माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.

अक्का


सांगोला,
१६ नोव्हेंबर

ती. मामांस,
अमरेशचा नमस्कार.

मी पयल्यांदाच पत्र लिहितोय. चुका दिसतील त्या मनातल्या मनात सुधारून घ्या, मला कळवू नका.

गादीवर मी गप का बसलो ते सांगतो. मी काय केलं न्हाय असं म्हणालो असतो, तर आण्णांनी दानूला बोलवून घेतलं असतं. खरं कोण बोलतंय ते बघू म्हणून तिला तितं त्या हमाल-मापाड्याम्होरं उभी केली असती. वडलांचा सवाव मला म्हाईत हाय. म्हणून किल्ली उचलली.

दुसरं सांगायला लाज वाटती, पण तुमाला सगळं नीट कळायला पायजे असतंय म्हणून सांगतो. मला ह्या लग्नाचं बरं वाटत हुतं. लई बरं. तिनं हाक मारायची सोडली तवा मला वाटलं, लाजती. सहा वर्षं मी तेच धरून चाललो. ती भिताडाकडं बघून बोलायची आणि मी आपला मनात खूश. आता आईनं तिचं पत्र वाचून दाखवलं. ते दार मला बी आठवतंय. त्या दिवशी जो बाहेर उभा हुता त्यो मीच हुतो, हे मी इसरलो, ती इसरली न्हाय.

तिच्यावर माझा राग न्हाय. तुमच्यावर हाय. माझा नंबर तुमच्याकडं हाय, मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमी आईला लिवलं की त्याच्याकडनं काढून घे. चोराकडनं काढून घेत्यात, मामा.

लगीन मोडा. पण मोडताना माझं नाव नीट करा. जितं इचारलं तितंच. मग घरी यायचं का न्हाय ते बघीन. हितं शेडवर बरं हाय, डाळिंबं निवडतो, कुणी काय इचारत न्हाय.

तुमचा भाचा,
अमरेश


जुळे सोलापूर,
२२ नोव्हेंबर
(कार्ड १, एकूण ३)

ती. बसप्पामामांस,
भाचा चनमल्लप्पाचे शि. सा. नमस्कार.

हे उघड्या कार्डावर लिहितो आहे. पोस्टमननं वाचावं, दुकानात ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावं. माझी विनंती अशी की तुम्ही हे गादीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि त्या दिवशी जे हमाल आणि मापाडी हजर होते त्यांना थांबवून घ्यावं.

अमरेशनं माझ्या मुलीला काहीही केलेलं नाही. मी तिला सात प्रश्न विचारले, सातही उत्तरं नाही अशी आहेत. इतकंच नव्हे, तो गप्प बसला तो तिला चारचौघांत उभं राहावं लागू नये म्हणून. इतका चांगला मुलगा मी जुळवलेल्या हजारो पत्रिकांतल्या किती जणांना मिळाला असेल, सांगता येत नाही.

(कार्ड २, एकूण ३)

चूक माझी आहे. मी लिहिलं की तिटकाऱ्याला कारण लागतं. मी वाचून शिकलेला माणूस. जे वाचलं त्याचा ताठा झाला, आणि घरातल्या माणसाला विचारायचं सोडून मी शब्दाला विचारत बसलो. तिटकाऱ्याला कारण लागत नाही. एखादं माणूस मनात ज्या जागी असतं तिथून उचलून दुसऱ्या जागी बसवलं, तर समोरचा सोन्यासारखा असला तरी तिटकारा उठतो, आणि ज्याला येतो त्याला तो सांगता येत नाही. माझ्या मुलीच्या मनात अमरेश थोरला भाऊ आहे. नऊ वर्षांची असताना तुमच्या घरात आली तेव्हापासून आहे.

(कार्ड ३, एकूण ३)

म्हणून बारा डिसेंबरला लग्न होणार नाही. शब्द मी दिला होता, मोडतोही मीच. मुलीनं मोडला असं कुणी म्हणू नये, आणि मुलात खोट होती असंही नाही. समाजात मला काय म्हणायचं ते म्हणा, ऐकू कमी येतं.

तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं आहे, त्या नात्यानं रागवा. भावोजी म्हणून तोडू नका.

चनमल्लप्पा


बार्शी,
३ डिसेंबर

चि. चन्नूस अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही कार्डं आली, पण दोन नंबरचं आदल्या दिवशी आणि बाकीची दुसऱ्या दिवशी. आकडे घातलेस म्हणून लावता आली. दोन नंबरचं आलं तेव्हा ह्यांनी ते वाचून खिशात ठेवलं. मला वाटलं, फाडलं. कुणाला काही बोलले नाहीत. दिवसभर खिसा चाचपत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सौदे संपल्यावर मापाड्याला थांबवलं, हमालांना बसायला सांगितलं आणि वाचायला घेतलं. मी तिथं नव्हते, मापाड्याच्या बायकोनं सांगितलं. पहिलं कार्ड खणखणीत वाचलं. अमरेश का गप्प बसला ते वाचलं तेव्हा थोरला हमाल म्हणाला की मालक, आम्हाला तवाच वाटलं होतं. दुसरं वाचताना मधेच थांबले. चष्मा काढला, पुसला, आणि ज्याला येतो त्याला सांगता येत नाही, ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिसरं भराभर वाचलं.

मग भर दुपारी घरी आले. ह्या वेळेला ते कधी येत नाहीत, मी घाबरले. पायरीवरच बसले, पाणी मागितलं. विचारलं की दुसऱ्या कार्डावरची ती ओळ चन्नूची आहे का तू सांगितलीस. मी म्हणाले, चन्नूची आहे. तांब्या रिकामा करून खाली ठेवला. म्हणाले की चन्नूला एवढी अक्कल कुठनं आली. मी आत भाकरी टाकायला गेले. पहिली भाकरी तव्यावरच मोडली.

लग्न मोडलंय. छापखान्यात जाऊन पत्रिका थांबवून आले, तेही स्वतः. तुझ्याशी बोलणार का ते माहीत नाही, मी विचारलेलं नाही. रविवारी सांगोल्याला गेले होते. अमरेशनं चहा पाजला, शेड दाखवलं, पण आला नाही. पेटीभर डाळिंबं दिली आणि म्हणाला की आईला द्या. जाऊ दे. त्याला जे बरं वाटत होतं ते मोडायला त्याचा वेळ लागंल. त्याची काळजी लागून राहिलीय, ती काय जात नाही.

दानूला म्हणावं, दादाला फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर नुसती हाक मार.

आता एक गंमत. परवा जेवताना ह्यांनी मला विचारलं की तुला सोलापूरला जाऊन चार दिवस राहायचंय का. लग्न झाल्यापासून जा म्हणालेत, नको म्हणालेत. विचारलं कधीच नव्हतं. मी म्हणाले की बघते, सांगते. काल सकाळी पुन्हा विचारून गेले. आज दुकानातून फोन करून विचारलं की काय ठरलं तुझं.

सांगीन. एवढ्यात नाही.

तुझी,
अक्का